आजारपणाचा खर्च कोणी सोसायचा?

(संस्थेच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



‘सरकारी खर्चाने सर्वांना आरोग्यसेवा मिळावी काय?’ हा विषय कार्यकारिणीने मला दिला आहे. मी डॉक्टर नाही, अर्थतज्ज्ञही नाही. कला शाखेचा पदवीधर आणि बँकेतला एक कारकून. परंतु आजारपणात माणसाचा पैसा कुठून निघतो, हे काउंटरच्या आतल्या बाजूला बसून मी वीस वर्षांहून अधिक काळ पाहत आलो आहे. मुदत ठेव मोडायला आलेल्या गृहस्थाला आम्ही सांगतो, “आणखी चार महिने थांबलात तर पूर्ण व्याज मिळेल.” ते म्हणतात, “साहेब, व्याजाचं काय घेऊन बसलात, पेशंट अ‍ॅडमिट आहे.” सोनेतारण कर्जासाठी बांगड्या घेऊन आलेली भगिनीही अनेकदा दवाखान्याच्या बिलासाठीच आलेली असते.

या विषयावर बोलताना पहिला प्रश्न हमखास येतो : सगळ्यांचे उपचार सरकारने करायचे तर पैसा कोण देणार? माझे उत्तर असे की, पैसा आजही आपणच देतो. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे २०१३-१४ साली देशात आरोग्यावर खर्च झालेल्या प्रत्येक शंभर रुपयांपैकी सुमारे ६४ रुपये लोकांनी उपचाराच्या वेळी स्वतःच्या खिशातून दिले होते. २०२१-२२ साली हे प्रमाण सुमारे ३९ रुपयांपर्यंत खाली आले. सुधारणा झाली, ती मान्य केली पाहिजे. पण ज्याच्या घरी आजार आला त्याच्यासाठी ते ३९ रुपयेही लहान नाहीत. तेव्हा खरा वाद आहे तो पैसे कधी आणि कसे द्यायचे याचा. धडधाकट असताना सर्वांनी मिळून, ऐपतीप्रमाणे, कराच्या रूपाने द्यायचे, की आजारी पडल्यावर एकट्याने, खाटेशेजारी उभे राहून द्यायचे?

हा वाद आपल्याकडे नवा नाही. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात कारखान्यांतील स्त्री-कामगारांना प्रसूतीच्या काळात रजा आणि भत्ता देण्याचे विधेयक आले. त्याचा बोजा कोणी उचलायचा यावर मोठी चर्चा झाली. बाबासाहेब त्या वेळी मंडळाचे सदस्य होते. त्यांनी विधेयकाला पाठिंबा दिला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा होता की, मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, लोकांचे कल्याण जपणे हे प्रथम सरकारचे काम आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भाग सरकारने उचलावा. मात्र जो मालक त्या स्त्रीच्या श्रमाचा लाभ घेतो त्यालाही पूर्ण मोकळे सोडता येणार नाही. १९२९ साली तो कायदा झाला. आज आपण ज्यावर बोलत आहोत त्या प्रश्नाचे मर्म या भूमिकेत आले आहे.

पुढे १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. याच काळात, १९४३ साली, प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवण्यात आले आणि १९४४ साली त्यांचा अहवाल आला. त्याच पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली येथे योजना सुरू झाली. मालक आणि कामगार दोघांनी वर्गणी भरायची आणि कामगाराच्या कुटुंबाला औषधपाणी मिळायचे, असे तिचे स्वरूप.

पण शेतमजुराचे काय? धुणीभांडी करणाऱ्या बाईचे काय? त्यांचा मालक कोण आणि वर्गणी कोण भरणार? याचे उत्तर सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ साली दिले होते. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही योग्य उपचारापासून वंचित राहू नये, हे त्या समितीचे मूळ तत्त्व. आज खेडोपाडी दिसणारे प्राथमिक आरोग्य केंद्र ही त्याच अहवालातील कल्पना. नियमाप्रमाणे सपाटीच्या भागात ३० हजार आणि डोंगरी व आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक केंद्र असावे. कल्पना उत्तम होती. तिच्यासाठी पुरेसा पैसा मात्र कधी ठेवला गेला नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले. २०२१-२२ साली, म्हणजे करोनाच्या काळातसुद्धा, तो १.८४ टक्केच होता.

आता विरोधी बाजूचे म्हणणे ऐकू. ते थट्टेवारी नेण्यासारखे नाही.

एक आक्षेप असा की, गरीब देशाला हे परवडत नाही. ब्रिटनने ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली, तेव्हा तो देश महायुद्धाने खंगलेला होता आणि लोक रेशनवर जगत होते. अर्थात तिथेही सारे सुरळीत झाले नाही. १९५१ साली दातांच्या कवळ्या आणि चष्मे यांना पैसे आकारायचे ठरले, तेव्हा ही सेवा उभी करणारे अ‍ॅन्युरिन बेव्हन यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. २०२३ साली इंग्लंडमध्ये प्रतीक्षायादी ७० लाखांच्या पुढे गेली होती. यावरून मी इतकाच बोध घेतो की, एकदा कायदा करून भागत नाही. दरवर्षी पैसा आणि माणसे पुरवावी लागतात.

दुसरा आक्षेप, फुकट मिळाले की लोकांना किंमत राहत नाही. मित्रांनो, हौस म्हणून कोणी डायलिसिसला बसत नाही. पैसे लागतात म्हणून गरीब माणूस दुखणे अंगावर काढतो आणि आजार बळावल्यावर येतो, तेव्हा खर्च दसपटीने वाढलेला असतो. क्षयरोगाची औषधे सरकार मोफत देते, कारण एकाचा उपचार अर्धवट राहिला तर साऱ्या चाळीला धोका असतो.

तिसरा आक्षेप डॉक्टर मंडळींचा. सरकार पैसे देऊ लागले की आमच्यावर हुकूमत गाजवेल, आणि पैसेही वेळेवर देणार नाही. कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात १ जुलै १९६२ रोजी सरकारी वैद्यकीय विमा सुरू झाला, त्याच दिवशी डॉक्टरांनी संप पुकारला. तो २३ दिवस चालला. शेवटी तडजोड झाली : डॉक्टरांचा व्यवसाय स्वतंत्र राहिला, सरकारने बिले भरायची. दहा वर्षांत ती पद्धत साऱ्या कॅनडाने स्वीकारली. आपल्याकडे राजस्थान विधानसभेने मार्च २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा मंजूर केला. आणीबाणीच्या वेळी आगाऊ पैसे न मागता उपचार करावेत, ही त्यातली वादाची बाब. तिथेही खासगी डॉक्टरांचा संप झाला आणि एप्रिलमध्ये तडजोडीने मिटला. डॉक्टरांची भीती सर्वस्वी खोटी आहे असे मी म्हणणार नाही. सरकारी देणे वेळेवर जमा झाले नाही तर छोटे रुग्णालय चालवणाऱ्याचे काय होते, हे बँकेतला माणूस जाणतो. म्हणून डॉक्टरांचे पैसे ठरलेल्या मुदतीत मिळावेत, ही मागणी रुग्णांच्या बाजूने आपणही केली पाहिजे.

यानंतर येतो विमा. २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेल्या केंद्राच्या जनआरोग्य योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. महाराष्ट्रात २०१२ साली सुरू झालेल्या जीवनदायी योजनेला २०१७ साली महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, आणि २०२३ साली ती राज्यातील सर्व कुटुंबांना लागू करण्याचा निर्णय झाला. या योजनांमुळे कित्येकांची हृदयाची आणि कर्करोगाची उपचारसेवा झाली आहे. कार्ड काढले नसेल त्यांनी अवश्य काढावे.

पण कार्ड म्हणजे आरोग्यसेवा नव्हे, हेही ध्यानात घ्यावे. ते मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावर, ठरलेल्या यादीतील उपचारांना चालते. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या, तपासण्या, तालुक्याला जाण्या-येण्याचे भाडे, बुडालेली मजुरी हे सारे बाहेरच राहते. खासगी विम्याची तऱ्हा तर आम्हा बँक कर्मचाऱ्यांनाच विचारा. २०१५ च्या समझोत्यापासून आम्हाला सामूहिक विमा आहे. नोकरीत असेपर्यंत हप्ता बँक भरते. निवृत्तीनंतर, म्हणजे जेव्हा दुखणी सुरू होतात तेव्हा, त्या समझोत्याप्रमाणे तो स्वतः भरायचा होता. वय वाढेल तसा हप्ता महाग होणे हा बाजाराचा नियमच आहे. बाजाराचा धंदा निरोगी माणसावर चालतो, गरज मात्र आजारी माणसाला असते.

थायलंडचे उदाहरण येथे उपयोगी आहे. त्या देशाने २००२ साली कायदा करून, ज्यांना नोकरीतून संरक्षण नव्हते अशा सर्व नागरिकांना कराच्या पैशातून आरोग्यसेवा दिली. सुरुवातीला प्रत्येक वेळी ३० बाट एवढेच शुल्क होते. ही योजना टिकली याचे मोठे कारण म्हणजे त्याआधीची अनेक वर्षे त्यांनी तालुका पातळीवर रुग्णालये बांधली होती आणि नव्या डॉक्टरांना ग्रामीण भागात सेवेसाठी पाठवले होते. सरकार माणशी ठरावीक रक्कम त्या भागातील रुग्णालयाला देते. आपल्याकडे कार्ड आधी आले. तालुक्याच्या रुग्णालयातली रिकामी जागा तशीच राहिली.

आता आपल्या घरातला प्रश्न. संस्थेच्या वैद्यकीय मदत निधीवरून गेल्या सभेत दोन मते पडली. काहींनी निधी वाढवून सभासदांसाठी विमा घ्यावा असे सुचवले, तर काहींच्या मते हे काम सरकारचे असल्याने निधीच बंद करावा. माझे नम्र मत निराळे आहे. निधी चालू ठेवावा, पण तो प्रवासभाडे, रुग्णासोबतच्या माणसाचे जेवण आणि औषधांसाठी वापरावा. शस्त्रक्रियेचे लाखो रुपये आपण वर्गणीतून पुरवू शकणार नाही; चार कुटुंबांत तिजोरी रिकामी होईल आणि पाचव्याला नकार देताना आपलीच मान खाली जाईल.

तो मोठा भार सरकारकडून उचलवून घेण्यासाठी आपण संघटित व्हावे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. मग बाहेरून औषध आणायची चिठ्ठी कोणी दिली तर कारण विचारावे. आरोग्य केंद्रात रुग्ण कल्याण समिती असते. तिच्या बैठका होतात का, डॉक्टरांची जागा भरली आहे का, याची चौकशी आपल्या शाखांनी करावी. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवण्याची योजना उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केली आहे. कागद कोणते लागतात हे शिकलेल्या दोन तरुणांनी रविवारी कार्यालयात बसून सांगितले, तरी पुष्कळ घरांचे दागिने वाचतील.

आपण मागतो आहोत ती भीक नाही. मिठापासून साबणापर्यंत प्रत्येक खरेदीत, या ना त्या रूपाने, गरीब माणूसही सरकारला कर भरतो. त्याने भरलेल्या पैशाचा हिशेब मागण्याचा त्याला अधिकार आहे. आणि हिशेब मागायला पदवी लागत नाही, वही लागते. आपल्या भागातील केंद्रात या महिन्यात कोणते औषध नव्हते, किती रुग्ण परत गेले, एवढे जरी आपण लिहून काढले तरी पुढच्या सभेत बोलायला माझ्यासारख्या कारकुनाची गरज पडणार नाही.