गच्ची मालकाची, बिल भाडेकरूचे

(हैदराबाद येथील गौलीगुडा भागातील मराठी भाषकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या वस्तीच्या नावातच गवळी आहे. गोठे असते तर आज मी गोबर गॅसविषयी बोललो असतो. ते राहिले नाहीत. म्हणून गच्चीविषयी बोलतो.

तेलंगणा शासनाने जानेवारी 2025 मध्ये स्वच्छ व हरित ऊर्जा धोरण जाहीर केले. 2030 पर्यंत नवीकरणीय विजेच्या क्षमतेत 20,000 मेगावॅटची भर घालावयाची, असा त्यातील संकल्प आहे. या शहराला कोळशाची सवय जुनी. निजामाच्या काळी हुसेनसागराच्या काठीच कोळशाचे वीजकेंद्र होते; पुढे रामगुंडमचे मोठे केंद्र उभे राहिले. त्याच रामगुंडमच्या जलाशयावर 2022 पासून 100 मेगावॅटचा तरंगता सौरप्रकल्प चालू आहे.

मेगावॅटचा हिशेब गल्लीत उतरला की मात्र निराळा होतो. एक किलोवॅटच्या संचास सुमारे 100 चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि तो दिवसाकाठी सरासरी चार युनिटे वीज देतो. केंद्र शासनाच्या 2024 च्या 'सूर्यघर' योजनेत तीन किलोवॅटच्या संचास 78,000 रुपये अनुदान आहे. परंतु ते स्वतःचे घर व छप्पर असणाऱ्यास. सातारा जिल्ह्यातील मान्याची वाडी 2024 मध्ये महाराष्ट्राचे पहिले सौरग्राम ठरली. खेड्यात बहुधा ज्याचे घर त्याचेच छप्पर असते. येथे एका इमारतीत चार बिऱ्हाडे, गच्चीवर टाक्या व वाळवणे, आणि मालक परगावी! बिल भाडेकरू भरतो, म्हणून मालकास संचात रस नाही. भाडेकरूस गरज आहे, पण अधिकार नाही. संच टिकावयाचा पंचवीस वर्षे, भाडेपत्र बहुधा अकरा महिन्यांचे. माझ्या मते धोरणाची खरी परीक्षा या ठिकाणी आहे.

गृहनिर्माण संस्थांना सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये मिळतात. आपल्या जुन्या इमारतींची अशी संस्थाच नाही. याच राज्यात महिला बचत गटांकडे सौरप्रकल्प सोपविण्याचे ठरले आहे. मग शहरातील भाडेकरूंना अन्यत्र उभारलेल्या प्रकल्पात हिस्सा का देऊ नये? ही मागणी आपण लेखी करावी.

तोपर्यंत पंप आणि जिन्यातील दिवे यांपासून आरंभ होऊ शकेल. संच मालकाचा, बचत दोघांत वाटलेली, असा करार कागदावर असावा. त्याआधी सकाळी दहा व दुपारी तीन वाजता गच्चीवर जाऊन टाकीची सावली कोठवर येते ते खडूने आखा. मालक भाडे घ्यावयास आले की त्यांना वर नेऊन ती आखणी दाखवा.