मुलांची कावीळ आणि पित्तनलिकेची थैली



घरांतल्या लहान मुलीचे डोळे पिवळे दिसूं लागले, कीं आपणांस आठवतें तें पथ्य, उसाचा रस आणि कावीळ उतरविणारा कोणी जाणता. चुन्याच्या निवळीनें हात धुतले, पाणी पिवळें झालें, पंधरा दिवसांत डोळेहि निवळले, आणि घरच्यांचा जीव भांड्यांत पडला. साधी कावीळ बहुधा आपली आपणच ओसरते. श्रेय मात्र निवळीस मिळतें. परंतु तीच मुलगी दोन महिन्यांनीं पुन्हां पिवळी पडली, पोट धरून कण्हूं लागली, तर? त्या 'तर'विषयींच आज मला बोलावयाचें आहे.

यकृतांतील पित्त ज्या नळीनें आंतड्यांत उतरतें, ती एखाद्या मुलांत फुगून थैलीसारखी झालेली असते. विकार विरळ, पण मुलांपेक्षां मुलींत तिपटी-चौपटीनें अधिक, आणि युरोपापेक्षां जपानसारख्या पूर्वेकडील देशांत पुष्कळच अधिक. पोटदुखी, कावीळ आणि हातास लागणारी गांठ हीं तीन लक्षणें ग्रंथांत दिलेलीं असतात; मात्र तिन्ही एकत्र दिसण्याची वाट पाहूं नये, कारण बहुसंख्य मुलांत तीं एकत्र दिसतच नाहींत. सोनोग्राफीनें थैली ओळखतां येते. तीस ना सुई लागते, ना क्षकिरण.

पूर्वी ही थैली जागच्या जागीं ठेवून आंतड्यास जोडीत. शस्त्रक्रिया सोपी होती, आणि मूल लवकर हिंडूंफिरूं लागे. पण थैलींत पित्त साचे, खडे होत, ताप येई. आणि पुढें वाढत्या वयांत तिच्या अस्तरांत कर्करोग उद्भवल्याचे दाखले मिळूं लागले. म्हणून आतां थैली पित्ताशयासह काढून टाकतात, आणि वर उरलेल्या नळीच्या मुखास लहान आंतड्याचा एक फांटा जोडतात. सेझार रू या स्विस शल्यवैद्याच्या नांवानें ही जोडणी ओळखली जाते.

दुखणें ओसरलें, कीं मुलगी खेळूं लागते आणि आई विचारते, "आतां पोट कशाला चिरावयाचें?" प्रश्न रास्त आहे. पण ताप आणि कावीळ उतरल्यावर, अशा शांत वेळींच हें काम नीट होतें. दुसरी कावीळ येण्याची वाट पाहण्यांत यकृत झिजतें.

तान्ह्या बाळाची गोष्ट याहून तांतडीची. दोन आठवड्यांनंतरहि कावीळ राहिली आणि शी पांढुरकी दिसूं लागली, तर दुपटें न धुतां तसेंच घेऊन त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें.