दुष्काळातली पोटं आणि आजची साखर
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाला दरवर्षी इथे धम्मावर व्याख्यान होतं. यंदा समितीने मला सांगितलं, डॉक्टरसाहेब, तुम्ही आजारावर बोला. कारण सांगायची गरज पडली नाही. गेल्या वर्षभरात आपल्या या चार गल्ल्यांतून किती जणांच्या पुण्यानुमोदनाला आपण याच सतरंजीवर बसलो ते आठवा. त्यातले पन्नाशीच्या आतले किती होते, तेही आठवा. "छातीत जळजळलं, ॲसिडिटी असेल म्हणून सोडा पिला, आणि पहाटे गेला." हे वाक्य मी एका वर्षात तीन घरांत ऐकलं आहे.

आपल्याकडे एक समज आहे की साखर ही शेठ-सावकाराची बिमारी. ज्याचं पोट सुटलेलं, जो गादीवर बसून खातो, त्याची. आपण तर राबणारी माणसं, आपल्याला कुठली साखर! पण भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मदतीने २००८ ते २०२० या काळात देशभरातल्या १ लाख १३ हजारांवर लोकांना तपासलं गेलं. त्याचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. रक्तदाब तर दर तीन प्रौढांमागे एकाला. एवढे शेठ-सावकार या देशात आहेत का?

आणि मुळात हा आजार आपल्या घराला नवा नाही. परमपूज्य बाबासाहेबांना मधुमेह होता, हे आपण सगळे जाणतो, पण त्याचा विचार करत नाही. पायाच्या नसांच्या दुखण्याने त्यांना रात्र-रात्र झोप लागत नसे. शेवटच्या वर्षांत काठीचा नि माणसांचा आधार घेऊन ते चालत. १५ एप्रिल १९४८ ला त्यांचा विवाह झाला तो डॉ. शारदा कबीर यांच्याशी, म्हणजे आपल्या माईसाहेबांशी. त्यांची ओळखही दवाखान्याच्या निमित्ताने वाढली. अशा शरीराने त्यांनी घटनेचं काम तडीस नेलं, नागपूरला आपल्याला दीक्षा दिली, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ लिहून काढला, आणि ६ डिसेंबर १९५६ ला वयाच्या ६५ व्या वर्षी गेले. त्या काळी घरी बोटाला टोचून साखर बघायचं यंत्र नव्हतं. लघवी औषधात उकळायची आणि रंग बदलतो का ते बघायचं, एवढीच सोय. आज सरकारी दवाखान्यात फुकट मिळते ती मेटफॉर्मिनची गोळी मधुमेहाच्या रोग्यांना दिल्याचा पहिला अहवाल फ्रान्समध्ये निघाला १९५७ साली, म्हणजे बाबासाहेब गेल्यानंतरच्या वर्षी. त्यांना जे मिळालं नाही ते आपल्या पाच मिनिटांच्या अंतरावर आहे, आणि आपण ते घ्यायला जात नाही.

आता माझ्या मामांची गोष्ट सांगतो. मामा गवंडीकाम करायचे. काडीसारखा माणूस, अंगावर मांस म्हणून नाही. वजन कधी पन्नास किलोच्या वर गेलं नाही. पायाच्या अंगठ्याला वाळूतला खिळा लागला, तो त्यांना कळलाही नाही. जखम चिघळली तेव्हा एका ठिकाणी नुसती पट्टी बांधून दिली, साखर तपासली नाही. मी तेव्हा शिकत होतो, तरी माझ्याही डोक्यात आलं नाही, कारण इतक्या बारीक माणसाला साखर असेल असं कोणाला वाटेल? महिनाभराने तपासली तेव्हा चारशेच्या वर होती. पाय गुडघ्याखाली काढावा लागला. दोन वर्षांनी हृदयविकाराने मामा गेले. वय ४६.

मामा १९७३ च्या उन्हाळ्यात जन्मले. आजी सांगायची, "त्याच्या वेळेला मी खडीवर होते." बहात्तरच्या दुष्काळाची खडी. इथल्या म्हाताऱ्या माणसांना ते सांगायला नको. लाल मिलोची भाकर, सुकडी, रस्त्याची कामं. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामावर होती. त्यात पोटुशा बाया किती असतील, याचा तुम्हीच अंदाज करा. जमीन नसलेली माणसं आधी खडीवर गेली आणि शेवटी परत आली. ती माणसं कोणत्या वस्तीतली, हे या विहारात सांगायची गरज नाही.

आजीचं ते एक वाक्य मला पुढे अभ्यासात वेगळ्या रूपाने भेटलं. इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर नावाचे डॉक्टर होते. त्यांना हर्टफर्डशायर परगण्यातल्या सुईणी-नर्सांनी ठेवलेल्या जुन्या वह्या सापडल्या. १९११ पासून जन्मलेल्या प्रत्येक लेकराचं जन्माचं वजन आणि वर्षाचं झाल्यावरचं वजन त्यात लिहिलेलं. बार्करांनी ती लेकरं म्हातारी झाल्यावर, किंवा गेल्यावर, शोधून काढली. १९८९ साली त्यांनी दाखवलं की जी कमी वजनाची होती त्यांच्यातच पुढे हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण जास्त. (आपल्या अंगणवाडीच्या ताईंनो, तुमच्या रजिस्टरची किंमत ओळखा. त्या नर्सांना तरी कुठे ठाऊक होतं!)

हॉलंडचं उदाहरण तर अगदी आपल्यासारखं. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी तिथली रसद तोडली. शहरातल्या माणसाला दिवसाला हजार कॅलरीसुद्धा मिळेनात. त्या महिन्यांत जी लेकरं पोटात होती त्यांना पन्नाशीच्या सुमारास तपासलं, तर त्यांच्या रक्तात साखर जास्त निघाली. हे १९९८ साली छापून आलं.

आणि पुण्याला केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत काम सुरू केलं. आपल्याकडे किल्लारीचा भूकंप झाला तेच हे वर्ष. त्या खेड्यांतल्या बायांचं गरोदरपणाआधीचं वजन सरासरी ४२ किलोच्या आत-बाहेर. त्यांची लेकरं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडची साडेतीन किलोची. इथपर्यंत नवल नाही. नवल पुढे आहे. या लेकरांचे हातपाय बारीक, मांस कमी, पोटातले अवयव लहान. पण कातडीखालची चरबी जवळजवळ गोऱ्या लेकरांएवढीच. वरून वाळकं आणि आतून चरबीचं. पुढे २००४ साली याज्ञिकांनी स्वतःचा आणि त्यांच्या एका इंग्रज डॉक्टर मित्राचा फोटो 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं. पण मित्राच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. तेव्हा "मी तर बारीक आहे" हे उत्तर आता चालणार नाही.

असं का होतं, ते साध्या भाषेत सांगतो. पोटातल्या लेकराला अन्न कमी पडलं की ते आधी मेंदू सांभाळतं. जसं घरात एकच भाकर असली तर माय आधी लहानग्याला देते. मग मांस, मूत्रपिंड, इन्सुलिन तयार करणारं स्वादुपिंड, यांच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. हे शरीर कमी अन्नावर काटकसरीने जगायला तयार झालेलं असतं. पुढे माणूस शहरात येतो, नोकरी लागते, मोटारसायकल येते, चहात साखर येते, रेशनचा तांदूळ येतो. तो माल पेलायची ताकद त्या लहानशा स्वादुपिंडात नसते. आपल्या समाजाची पहिली पोट भरलेली पिढी मधुमेहाला बळी पडते, ती अशी. एकट्या मामांचा आजार दुष्काळामुळेच झाला असं मी म्हणणार नाही. एका माणसाबद्दल तसं सांगता येत नसतं. पण बहात्तर-त्र्याहत्तरला जन्मलेल्यांनी, आणि ज्यांची माय गरोदरपणी उपाशी राबली अशा सर्वांनी, वजन काहीही असो, वर्षातून एकदा तपासून घ्यावं, एवढं मी नक्की म्हणेन.

याला कोणी नशीब म्हणू नका. नशिबावर आपण १९५६ सालीच पाणी सोडलं आहे. यात कारण आहे, आणि कारण आहे म्हणून उपायही आहे.

पुण्याच्याच अभ्यासात दिसलं की ज्या गरोदर बाया पालेभाजी, फळं, दूध जास्त वेळा खात त्यांची लेकरं वजनाने चांगली होती. आणि ज्या बायांना पाणी आणणं, शेतातलं काम यांचा बोजा जास्त, त्यांची लेकरं लहान. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा हंडे कोणाच्या डोक्यावर होते? तेव्हा सासूबाईंनो, सुनेला दिवस गेले की हंडा घरातल्या पुरुषाच्या डोक्यावर द्या. हसू नका, हृदयविकाराचा हा सर्वांत आधी करायचा इलाज आहे. त्या खेड्यांतल्या तीनपैकी जवळजवळ दोन बायांमध्ये बी-१२ हे जीवनसत्त्वही कमी निघालं. ते अंडी, मांस, मासळी, दुधात असतं. आपल्यात खाण्याला बंदी नाही, पण ताटात आधी कोणाला वाढतात आणि रस्सा कोणाला उरतो, ते आपापल्या घरी बघा.

लेकरू जन्मल्यावरची गोष्ट तर अगदी ताजी आहे. ब्रिटनमध्ये युद्धानंतर १९५३ पर्यंत साखर रेशनवर होती. पोटात असल्यापासून पहिली दोन वर्षं ज्यांची रेशनमध्ये गेली, त्यांच्यात पुढे मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि रक्तदाबाचा २० टक्क्यांनी कमी दिसला. हे २०२४ साली प्रसिद्ध झालं. आणि आपल्याकडे आठ महिन्यांच्या लेकराला चहात बुडवलेलं बिस्कीट!

मोठ्यांचं काय? मद्रासला, म्हणजे आताच्या चेन्नईला, डॉ. रामचंद्रन यांनी उंबरठ्यावरच्या ५३१ लोकांवर प्रयोग केला. २००६ साली त्याचा निष्कर्ष आला. ज्यांना विशेष काही सांगितलं नाही त्यांच्यापैकी तीन वर्षांत शंभरात ५५ जणांना मधुमेह झाला. ज्यांना रोज अर्धा तास भरभर चालायला आणि मोजून खायला लावलं त्यांच्यात ३९ जणांना.

मोजून खाणं म्हटलं की मला राजा प्रसेनजित आठवतो. संयुत्त निकायात ही कथा आहे. राजा द्रोणभर भात खायचा आणि धापा टाकत तथागतांच्या भेटीला यायचा. तथागतांनी त्याला मात्रा ओळखून जेवण्याविषयी एक गाथा सांगितली. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज जेवताना म्हणायला ठेवला. हळूहळू राजाचं जेवण नाळीभर भातावर आलं आणि अंग हलकं झालं. बघा, तथागतांनी भात बंद करा असं सांगितलं नाही. आपल्याकडे याच्या उलट चालतं. कोणीतरी सांगतं, साखरवाल्यांना ज्वारी चांगली, की माणूस चार भाकरी हाणतो. ज्वारी चांगलीच आहे, पण चार भाकरींनी साखर चढणारच. दोन खा, वरण-भाजी वाढवा.

वैशाख पौर्णिमेची खीर बंद करा असंही मी म्हणत नाही. सुजातेची खीर आहे ती. फक्त वाटी लहान करा, आणि नको म्हणणाऱ्याला "धम्माचा प्रसाद आहे" म्हणून आग्रह करू नका. उपोसथाचंही सांगतो, कारण परवाच एक आजी इथेच घाम येऊन आडव्या झाल्या. ज्यांना इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत त्यांनी दुपारनंतर न जेवण्याचं शील डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये. विनयात आजारी भिक्खूला मध, गूळ औषध म्हणून अवेळीही घ्यायची परवानगी आहे. भिक्खूला जी सवलत आहे ती आजीला नाही का? भन्तेजी इथे बसले आहेत, ते मान डोलावत आहेत.

मशेरी आणि तंबाखूने हृदयाचा धोका वाढतो, नुसत्या चघळण्यानेही वाढतो. दारूबद्दल मी बोलत नाही, बावीस प्रतिज्ञा तुम्हाला पाठ आहेत.

छातीत दाबल्यासारखं झालं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली, घाम सुटला, तर सोडा पिऊन झोपू नका. मधुमेहाच्या माणसाला कळ न येता नुसती धापही लागते. लगेच १०८ ला फोन करा, जिथे ईसीजी निघतो तिथे जा. पहिले काही तासच कामाचे असतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी, बायपास बसतात. २०१२ साली ही योजना जुन्या नावाने पहिल्यांदा आठ जिल्ह्यांत आली, त्यात आपलं नांदेड होतं. रेशनकार्ड आणि आधार एका पिशवीत घालून दाराच्या खुंटीला टांगून ठेवा.

शेवटचं काम आता लगेच आहे. मागच्या खोलीत दोन नर्स ताई बसल्या आहेत, साखर आणि रक्तदाब बघतील. तीस वर्षांवरचे सगळे जा, बारीक असलेले आधी जा. महिला मंडळाने सुतळी कापून ठेवली आहे. आपल्या उंचीएवढी सुतळी घ्यायची, तिची बरोबर अर्धी घडी करायची आणि बेंबीवरून फिरवायची. टोकं जुळली नाहीत तर ताईंना तसं सांगा. ज्यांना आधीपासून साखर आहे त्यांनी चप्पल काढलीच आहे, तर तळपायही दाखवा. आणि ज्यांनी सकाळपासून काही खाल्लेलं नाही त्यांना पुढे सोडा, खीर त्यांच्यासाठी थांबवली आहे.

जयभीम. नमो बुद्धाय.