आपल्या घराण्यांतील शिपायांचे स्मरण

(ज्युबिली महोत्सवाच्या सभेत धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंनी केलेले भाषण)



या महोत्सवाच्या निमित्ताने आपण पुष्कळांची नावे आदराने घेतली. ज्यांनी येथे प्रथम सुवार्ता आणली ते मिशनरी, ज्यांनी पायपीट करून मुलांना धर्मशिक्षण दिले ते मास्तर, ज्यांनी या प्रभुमंदिरासाठी दगड वाहिले व चुना मळला ते आपले वाडवडील, या सर्वांचे आभार मानून झाले. तथापि एका वर्गाचे स्मरण अद्याप राहिले आहे. तो वर्ग म्हणजे आपल्या घराण्यांतून लष्करात गेलेल्या माणसांचा होय.

घरोघर आशीर्वाद देण्यास जातो तेव्हा येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीशेजारी खाकी पोषाखातील एखाद्या गृहस्थाचे पिवळे पडलेले छायाचित्र मला पुष्कळ ठिकाणी दिसते. हे कोण, असे विचारले म्हणजे उत्तर मिळते, "आमच्या आजोबांचे कोणी तरी; बसऱ्याच्या लढाईत गेले." नाव विचारले तर घरातील मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. यात त्यांचा दोष थोडा आहे. ज्या सरकारसाठी ही माणसे लढली त्या सरकारनेही त्यांची नावे जपली नाहीत, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून सुमारे तेरा लक्ष माणसे गेली. त्यांपैकी 74 हजारांच्या वर परत आली नाहीत. बसरा हे मेसोपोटेमियातील, म्हणजे हल्लीच्या इराकातील, बंदर. त्या मुलुखात सहावी पुणे डिव्हिजन लढली आणि तीत 103, 110 व 117 या मराठा पलटणी होत्या. कूत या गावी ही फौज डिसेंबर 1915 पासून वेढ्यात सापडली. दाणागोटा संपला, घोडे कापून खाण्याची वेळ आली, आणि 29 एप्रिल 1916 रोजी शरणागती झाली. पुढे कैदेत व वाळवंटातील वाटचालीत उपासाने आणि रोगाने किती शिपाई मेले! गोळीने मेलेल्याची निदान कागदावर नोंद होते. तहानेने मेलेल्याची कोण ठेवतो?

त्या रणांगणावरील मृतांसाठी बसरा येथे स्मारक बांधण्यात आले. त्यावर चाळीस हजारांहून अधिक मृतांचे स्मरण आहे. इंग्रज शिपायाचे नाव कोरले, हिंदी अंमलदाराचेही कोरले. पण साध्या हिंदी शिपायाच्या वाट्याला पलटणीचे नाव आणि त्याखाली नुसता आकडा आला. 1917 साली स्थापन झालेल्या युद्धसमाधी आयोगाचे तत्त्व असे होते की, हुद्दा, वंश वा धर्म यांचा भेद न करता प्रत्येक मृताचे स्मरण नावानिशी व्हावे. तत्त्व उत्तम होते. परंतु याच आयोगाने 2021 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात स्वतः कबूल केले की, निदान 45 ते 54 हजार मृतांना, ज्यांत हिंदी व आफ्रिकी लोक मुख्यत्वे होते, समान वागणूक मिळाली नाही. आपल्या महाराष्ट्रातही कित्येक गावांच्या चावडीवर वा शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी शिळा आढळते. त्या गावातून 1914 ते 1919 च्या युद्धास किती माणसे गेली व किती मेली, एवढेच तीवर लिहिलेले असते. तेथेही आकडाच, नाव नाही.

आता पवित्र शास्त्राकडे वळू. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात युद्धानंतरचा एक प्रसंग आहे. (आपले प्रॉटेस्टंट बंधू हा ग्रंथ प्रमाण मानीत नाहीत, हे आपणांस ठाऊक आहेच.) यहूदा मक्काबी आपल्या पडलेल्या शिपायांची प्रेते उचलावयास गेला, तो मृतांच्या अंगरख्याखाली मूर्तींचे ताईत सापडले. म्हणजे ही माणसे देवाच्या पक्षाने लढली खरी, पण निष्कलंक नव्हती. यहूदाने ती गोष्ट झाकली नाही आणि त्यांना टाकलेही नाही. त्याने सैन्यात वर्गणी जमविली, सुमारे दोन हजार रुप्याचे द्राख्मा यरुशलेमेस पाठविले, आणि त्यांच्या पापांसाठी यज्ञ अर्पण करविला. मृतांसाठी प्रार्थना करण्याच्या आपल्या परंपरेचा हा एक मुख्य आधार आहे आणि तो शिपायांच्या मरणाशी जोडलेला आहे, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. शिपायाचा सन्मान हार घालून व बिगूल वाजवून करावा, त्यास माझी हरकत नाही. परंतु ज्याच्या हातून युद्धात मनुष्यहत्या झाली असेल त्याला सर्वांत अधिक गरज प्रार्थनेची आहे.

मातृसंस्थेनेही हे ओळखले. 2 नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, प्रत्येक धर्मगुरूस तीन मिस्सा अर्पण करता येतात. ही सवलत स्पेन व पोर्तुगाल यांच्या राज्यांत 1748 पासून होती. ती सर्व जगास लागू केली पोप पंधरावे बेनेदिक्त यांनी, 10 ऑगस्ट 1915 रोजी. तारीख ध्यानात घ्या. त्या वेळी युरोपातील खंदक प्रेतांनी भरत होते. तीनपैकी एक मिस्सा धर्मगुरू आपल्या इच्छेप्रमाणे कोणासाठीही अर्पण करू शकतो, दुसरी सर्व मृत भाविकांसाठी, आणि तिसरी पोपमहाशयांच्या हेतूंसाठी. त्या दिवशी फ्रान्समध्ये, जर्मनीत व आपल्या मुलुखात एकाच प्रकारे वेदीवर यज्ञ झाला. मृत कोणत्या बाजूचे, हा प्रश्न तेथे उद्भवत नाही.

आणि आपल्या जिल्ह्याला तर तो प्रश्न फारच अवघड होता. या अहिल्यानगर, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात ज्या जेसुइट फादरांनी श्रद्धेचे बी पेरले त्यांत पुष्कळ जर्मन होते. युद्ध पेटताच ते शत्रुराष्ट्राचे प्रजाजन ठरले, त्यांच्यावर स्थानबद्धता आली आणि अखेर त्यांना मायदेशी पाठविण्यात आले. मुलगा इंग्रजांच्या फौजेत असेल, आणि त्याला बाप्तिस्मा देणारा फादर इंग्रजांच्या कैदेत. अशा आईने कोणासाठी जपमाळ म्हटली असेल? मला वाटते, दोघांसाठीही.

कोणी म्हणेल, परक्या राजाची नोकरी ती. तिचा गौरव कशाला? मला हे बोलणे न्यायाचे वाटत नाही. आपल्यातील कित्येक कुटुंबे महार समाजातून आली आहेत. या समाजाचे शिपाई कंपनी सरकारच्या काळापासून फौजेत होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांची भरती बंद झाली. 1917 मध्ये माणसांची गरज पडताच 111 वी महार पलटण उभारली, आणि 1921 मध्ये ती मोडून टाकली. पुन्हा युद्ध आले तेव्हा ऑक्टोबर 1941 मध्ये महार रेजिमेंट निघाली. ती आजही भारतीय सेनेत आहे. गरज सरो नि वैद्य मरो, हाच न्याय! ज्यांना गावाच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते त्यांनी पोटासाठी आणि थोड्या मानासाठी ही नोकरी धरली, यात लाज वाटण्यासारखे काय आहे? त्यांच्या मनीऑर्डरींवर घरची मुले शाळेत गेली.

शौर्याच्या गोष्टींत मला एक विशेष आवडते, आणि ती आपल्याच जिल्ह्यातील एका हिंदू बांधवाची आहे. नामदेव जाधव हे मराठा पलटणीतील शिपाई. 9 एप्रिल 1945 रोजी इटलीत सेनिओ नदीच्या काठी त्यांनी एका जखमी सोबत्यास उचलून खोल पाण्यातून, उभ्या चढाने, सुरुंग पेरलेल्या जमिनीवरून सुरक्षित जागी नेले. आणि दुसऱ्या जखमी सोबत्यासाठी ते त्याच वाटेने परत गेले. शत्रूची ठाणी त्यांनी त्यानंतर बंद पाडली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो या सर्वांसाठी. पण धर्मोपदेशकाच्या दृष्टीने पाहता ती दुसरी खेप मला सर्वांत मोठी वाटते.

आता कामाचे बोलतो. बाप्तिस्म्याच्या वह्यांशेजारी एक नवी वही ठेविली आहे. तीत आपल्या घराण्यातील लष्करात गेलेल्या प्रत्येकाचे नाव लिहावयाचे आहे. जे मेले त्यांचे, जे परत आले त्यांचेही. 1914 व 1939 च्या महायुद्धांतील, तसेच 1962, 1965, 1971 व 1999 मधील. बंदूक धरणाऱ्यांचे, आणि खेचरे हाकणाऱ्या, पाणी भरणाऱ्या, डोली वाहणाऱ्या, भटारखान्यात राबणाऱ्या माणसांचेही. नाव विसरले असेल तर घरातील जुनी पेटी उघडून पाहा. पहिल्या युद्धाच्या पदकाच्या कडेवर इंग्रजी अक्षरांत शिपायाचा नंबर, नाव व पलटण ठोकलेली असते. रुप्याची पदके अडचणीच्या दिवसांत सोनाराकडे गेली असतील. पण मजुरांच्या व हरकाम्यांच्या तुकड्यांना दिलेली काशाची पदके कोणी विकत घेत नसे, म्हणून ती सापडण्याचा संभव अधिक.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत वही उघडी राहील. 2 नोव्हेंबरच्या पहिल्या मिस्सेत सर्व नावे मोठ्याने वाचण्यात येतील. ती बरीच होतील असे दिसते. म्हणून त्या दिवशी पहिली मिस्सा नेहमीपेक्षा अर्धा तास अगोदर, सकाळी साडेपाच वाजता सुरू होईल.