हिशेब घेण्यापूर्वी

“उद्यापासून येऊ नका, हिशेब घेऊन जा,” असे सांगून ज्या कागदावर कामगाराची सही घेतली जाते, त्या कागदात पुष्कळदा राजीनाम्याचा मजकूर असतो. आणि बडतर्फीविरुद्ध दाद मागता येत असली, तरी स्वखुशीने दिलेल्या राजीनाम्याविरुद्ध फिर्याद उभी करणे महाकठीण. सबब, न वाचता सही करू नये, आणि करणे भागच पडले तर “हक्क राखून” असा शेरा शेजारी लिहावा, हे मी कलमांच्या आधी सांगतो.

थकलेल्या पगाराचा प्रश्न त्या मानाने सरळ आहे. मालकाने नोकरी संपुष्टात आणल्यास कमावलेले वेतन कामाच्या दुसऱ्या दिवसाअखेर चुकते झाले पाहिजे, हा 1936 च्या कायद्याचा दंडक 2019 च्या वेतनसंहितेने राजीनामा देणाऱ्यासही लागू केला, आणि दाव्याची एक वर्षाची मुदत तीन वर्षांची केली. बडतर्फीच्या वादाची मुदत मात्र 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेने तीनवरून दोन वर्षांवर आणली; एका हाताने दिलेले दुसऱ्याने काढून घ्यावे, तसाच हा प्रकार!

1965 पूर्वी एकट्या कामगाराचे गाऱ्हाणे, संघटनेने अथवा सहकाऱ्यांनी उचलून धरल्यावाचून, औद्योगिक विवाद ठरतच नसे; आज तो एकटाही सलोखा अधिकाऱ्याकडे जाऊ शकतो. गैरवर्तनाचा आरोप असेल, तर आरोपपत्र, बचावाची संधी आणि निःपक्षपाती चौकशी यांवाचून केलेली बडतर्फी सहसा टिकत नाही. नुसती कामगारकपात असेल, तर वर्षात 240 दिवस भरलेल्यास महिन्याची नोटीस वा तिच्याऐवजी वेतन, आणि पुऱ्या केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन देय होते. पण हे 240 दिवस भरल्याचे दाखवण्याची पहिली जबाबदारी कामगाराची, आणि मस्टर मालकाच्या कपाटात! ते हजर करण्याचा हुकूम न्यायालयाकडून मागता येतो. तथापि पगारचिठ्ठ्या, ओळखपत्र व भविष्य निर्वाह निधीचा उतारा घरी जपून ठेवलेला बरा.

बडतर्फी बेकायदा ठरल्यास मागील वेतनासह पुन्हा कामावर घेणे हाच सामान्य नियम, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये महाराष्ट्रातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात सांगितले. पुन्हा कामावर घेण्याच्या निवाड्याविरुद्ध मालक वरिष्ठ न्यायालयात गेला, तरी प्रकरण प्रलंबित असेपर्यंत त्यास अखेरच्या दराने वेतन द्यावे लागते. आपण अन्यत्र नोकरीस नाही, असे प्रतिज्ञापत्र मात्र कामगाराने तेथे वेळीच दाखल केले पाहिजे.