उच्च शिक्षण आणि जगाचे वारे



उच्च शिक्षण ही केवळ आपल्या घरची बाब आहे, असें आपण पुष्कळदा गृहीत धरतों. वस्तुतः आपलीं आधुनिक विद्यापीठें जन्मापासूनच जगाच्या वाऱ्यावर वाढलीं आहेत. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें, तें लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. तें विद्यापीठ त्या काळीं परीक्षा घेई व पदव्या देई. शिकविण्याचें काम महाविद्यालयांकडे असे. आपण तोच सांचा उचलला. परीक्षेचें जें प्रस्थ आपल्याकडे माजलें, त्याचें मूळ पुष्कळ अंशीं या उसन्या सांच्यांत आहे.

आज वारे पुनः सुटले आहेत. १९९५ सालीं सेवांच्या व्यापाराचा जागतिक करार अमलांत आला व त्यांत शिक्षणाचीही गणना झाली. १९९९ सालीं युरोपांतील २९ देशांनीं बोलोन्या येथें आपल्या पदव्या परस्परांशीं जुळत्या करण्याचें ठरविलें. २००३ सालापासून शांघायहून जगांतील विद्यापीठांची क्रमवारी प्रसिद्ध होऊं लागली. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांतील चार वर्षांची पदवी आणि श्रेयांकांची पेढी यांवर याच वाऱ्यांचा परिणाम दिसतो.

तहानलेल्यानें विहिरीकडे जावें, अशी जुनी रीत. परंतु २०२४ सालीं कॅनडानें परदेशी विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली. इतर देशांनींही दारें अरुंद केलीं. ज्या विद्यापीठांचा जमाखर्च परदेशी विद्यार्थ्यांच्या शुल्कावर चालतो, त्यांना दुसरी वाट शोधणें प्राप्त झालें. आतां विहीरच तहानलेल्याच्या दारीं येऊं लागली आहे. २०२४ सालीं ऑस्ट्रेलियांतील दोन विद्यापीठांनीं गुजरातेंतील गिफ्ट सिटींत अध्यापन सुरू केलें. जून २०२५ मध्यें नवी मुंबईसाठीं पांच परदेशी संस्थांना इरादापत्रें देण्यांत आलीं.

यांत आनंद मानण्यासारखें पुष्कळ आहे. घर न सोडतां उत्तम शिक्षण मिळालें, तर कोणाला नको आहे? परंतु विहीर दारीं आली तरी पोहऱ्याला दोर लागतोच. २०२३ च्या नियमांप्रमाणें या संस्था आपलें शुल्क व प्रवेशाची रीत स्वतः ठरवूं शकतात. परभणीच्या शेतकऱ्याच्या मुलीचा दोर तेथवर पोंचेल काय? ती शिकणार आपल्या तालुक्याच्या महाविद्यालयांतच; आणि तेथील चांगला अध्यापक अधिक वेतनाच्या ओढीनें निघून गेला, तर तिच्या वांट्याला काय उरेल?

म्हणून वारा थांबवावा, असें माझें म्हणणें नाहीं. तो थांबतही नाहीं. त्याचा उपयोग कसा करावा, याचा धडा महर्षि कर्वे यांनीं घालून दिला आहे. तोक्यो येथील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या हातीं आली, आणि १९१६ सालीं त्यांनीं पुण्यास महिला विद्यापीठ काढलें. कल्पना जपानची, परंतु शिक्षणाचें माध्यम त्यांनीं देशी भाषा हें ठेविलें, आणि इंग्रजी हा विषय सोडला नाहीं. आरंभीं विद्यार्थिनी होत्या अवघ्या पांच!

१८५७ सालीं आपण सांचा घेतला. १९१६ सालीं बीज घेतलें आणि तें आपल्या मातींत रुजविलें. जें नवें येईल त्याला आपण हाच प्रश्न विचारला पाहिजे: हा नुसता सांचा आहे, कीं बीज? आणि त्याची सावली तालुक्याच्या महाविद्यालयापर्यंत पोंचणार आहे काय?