स्नायूंची शिदोरी

(मंडळाच्या वर्धापनदिनी जाम येथे केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. शास्त्रावर मी काय बोलणार? पण माझ्या हातून एक चूक झाली, ती सांगावी म्हणून उभी राहिले आहे.

गेल्या वेचणीत माझी सून दोन तासांतच पऱ्हाटीत खाली बसू लागली. "आई, पाय उचलत नाहीत," म्हणे. मी चार बायांदेखत तिला आळशी म्हटले. पुढे तपासणीत तिचे हिमोग्लोबिन ८ निघाले. बाईचे ते निदान १२ तरी हवे. मला माझीच लाज वाटली.

मग धाकट्या मुलीने मला समजावून दिले. कोंबडीच्या मांडीचे मांस लालसर व छातीचे पांढरट असते, हे आपण रोज पाहतो. तो लाल रंग रक्ताचा नव्हे, मायोग्लोबिन नावाच्या पदार्थाचा. कोंबडी दिवसभर चालते, उडते क्वचित, म्हणून तो पायांत जास्त. हिमोग्लोबिन ही प्राणवायू आणणारी बैलगाडी, तर मायोग्लोबिन ही स्नायूने जवळ बांधून ठेवलेली शिदोरी. जोराच्या कामात स्नायू आवळला की आतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्त क्षणभर अडते. तेव्हा ही शिदोरी सुटते. माणसात ती काही क्षणांपुरतीच असते. खोल बुडी मारणाऱ्या देवमाशात मात्र पुष्कळ असते. देवमाशाच्याच मायोग्लोबिनची घडण जॉन केंड्रू या इंग्रज शास्त्रज्ञाने १९५८ साली जगाला दाखवली. १९६२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

भगिनींनो, या दोन्ही पदार्थांना लोह लागते. लोह घटले की गाडी अर्धी भरून येते, मग शिदोरी कशातून बांधायची? अशी बाई आळशी नसते. तिच्या स्नायूंची उपासमार होत असते.

आपण सर्वांना वाढून उरेल ते खातो. घामाचे काम मात्र सारखेच करतो. आमच्या घरी आता सून माझ्याबरोबर ताटावर बसते. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या घेते. ताटात वरण, पालेभाजी आणि वर लिंबू असते. जेवणावर लगेच चहा घेणे आम्ही सोडले, कारण तो लोह अंगी लागू देत नाही.

घरात कोणी दमून बसली तर आधी तिचे रक्त तपासा, बोल मागाहून लावा. मी उलटे केले. एवढे सांगून आपली रजा घेते.